जर्मन गाड्यांची नावं मराठी तोंडानं कशी घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा: जर्मन गाड्यांच्या नावांचा खरा उच्चार कोणता? पोर्श की पोर्शे, ऑडी की आऊडी, फोक्सवॅगन की व्होल्क्सवॅगन, आणि बेंझच्या शेवटी नक्की काय येतं?

आधी थेट उत्तर. जर्मन माणूस म्हणतो: पॉर्शं, आऊडी, फॉल्क्सवागन, मेर्त्सेडस-बेन्त्स, बे-एम-वे (बीएमडब्ल्यू), ओपल, डायमलर, मायबाख. 'पॉर्शं'वरचा अनुस्वार नाकात म्हणायचा नाही. 'केलं', 'माझं', 'पोरगं' यांत तो जसा वाचतो तसाच वाचायचा, म्हणजे शेवटी मोकळा, किंचित लांबलेला 'अ'. पुढे सगळीकडे ही खूण याच अर्थानं वापरली आहे.

आपल्याकडे ही नावं बिघडतात ती जिभेमुळे नाही. आपण ती इंग्रजीच्या वाटेनं घेतली, म्हणून बिघडतात. रोमन अक्षरं दिसली की इंग्रजी वाचनाची सवय जागी होते आणि 'ऑ', 'ॲ', 'झ' आपोआप आत शिरतात. जर्मनची लिपी तीच असली तरी वाचायचे नियम वेगळे आहेत, आणि इंग्रजीच्या मानानं फार शिस्तीचे. आठ-दहा नियम बसले की कधी न ऐकलेलं नावही बरंचसं बरोबर वाचता येतं. शिवाय त्यातले बहुतेक आवाज मराठीत रोज वापरले जातात. इंग्रजाला किंवा हिंदी भाषकाला जे घोकावे लागतात, ते आपल्याला नुसते ओळखून योग्य जागी बसवायचे आहेत.

बेन्त्स आणि मेर्त्सेडस

जर्मनमध्ये 'झेड' हे अक्षर 'झ' किंवा 'ज' असं वाचत नाहीत. ते 'त्स' आहे. हा आवाज मराठीत कुठे आहे? काच, नाच, पाच, चोर, चूल यांतला च. व्याकरणात त्याला दंततालव्य च म्हणतात. 'चिमणी', 'चेहरा' यांतला तालव्य च वेगळा. आता 'उंच' हा शब्द सावकाश म्हणून बघा. शेवटी जीभ वरच्या दातांमागे टेकते, न् होतो, आणि जीभ तिथून न हलवता त् व लगेच स् सुटतो. हा तुकडा तसाच ठेवा आणि 'उं'च्या जागी 'बें' घाला. शाळेतला बसायचा बेंच नव्हे, 'उंच'च्या शेवटाचा बेंच. झालं बेन्त्स. कार्ल बेन्त्सनं २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून मानहाइममध्ये हे नाव असंच घेतलं जातं. 'बेंझ' हे इंग्रजांचं.

मेर्त्सेडसमध्ये मात्र मराठी माणूस हमखास घसरतो. त्याचं कारण मराठीतच आहे. आपला दंततालव्य च अ, आ, उ, ओ यांच्या शेजारी सुखानं राहतो, पण इ किंवा ए आला की जीभ टाळूकडे सरकते. 'घराचा' म्हणताना त्स येतो आणि 'घराची' म्हणताना तोच च तालव्य होतो. त्यामुळे 'त्से' म्हणायला गेलं की 'चे' निघतं आणि नाव 'मेर्चेडस' होऊन बसतं. उपाय म्हणजे इथे च विसरायचा. 'मेर्त्' म्हणून थांबा, मग 'सेडस' म्हणा, आणि मधली फट हळूहळू मिटवा. जोर 'त्से'वर, आणि तो ए दीर्घ.

या नावात 'ई' हे रोमन अक्षर तीनदा येतं आणि तिन्ही वेळा त्याचा आवाज वेगळा आहे. पहिला ऱ्हस्व, तोंड थोडं उघडं ठेवून म्हटलेला 'ए'. दुसरा दीर्घ, ओठ ताणलेला 'ए'. तिसरा जवळजवळ 'अ', म्हणून 'डेस' नाही, 'डस'. शेवटी स, ज नाही. 'मर्सिडीज' या आपल्या रूपात तिन्ही स्वर, मधलं व्यंजन आणि शेवटचं व्यंजन, सगळंच बदललेलं आहे. अर्थात तो शब्द मराठीत मुरला आहे, त्याबद्दल पुढे.

हे नाव मुळात जर्मन नाही, स्पॅनिश आहे. एमिल येलिनेक हा व्यापारी फ्रान्समधल्या नीस इथे डायमलरच्या गाड्या विकायचा. त्यानं आपल्या मुलीचं नाव गाड्यांना दिलं आणि १९०१ पासून ते गाजलं. जर्मनांनी ते स्वतःच्या पद्धतीनं वाचलं: 'ई'पूर्वीचं 'सी' म्हणजे त्स. येलिनेकच्या नावाचं पहिलं अक्षरही जाता जाता बघून घ्या. रोमन 'जे' जर्मनमध्ये 'य' असतो. डायमलर आणि बेन्त्स या कंपन्या १९२६ मध्ये एक झाल्या आणि जोडनाव तयार झालं.

पॉर्शं

या नावात अवयव दोन आहेत, 'पॉर्' आणि 'शं'. सगळा वाद दुसऱ्यावर आहे. इंग्रजीत शब्दाच्या टोकाचा 'ई' बहुधा मुका असतो, म्हणून 'पोर्श' झालं. जर्मनमध्ये टोकाचा 'ई' कधीच मुका नसतो, हे कुणीतरी सांगितलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ठणठणीत 'पोर्शे' म्हणतात. खरा स्वर या दोन्हींच्या मध्ये आहे: जोर न देता सोडलेला 'अ'. इंग्रज तो शब्दाच्या टोकाला जरा उघडा करतो, म्हणून 'पोर्शा' ऐकू येतं. आपल्याला तो 'पोरगं', 'वासरू गेलं', 'काम झालं' यांत दिवसभर लागतो. 'पोरगं' म्हणा, मग त्याच सुरात 'पॉर्शं' म्हणा.

अडचण लिहिताना येते. 'पोर्श' छापलं तर वाचक शेवटचा अ गिळणार, 'पोर्शे' छापलं तर ए म्हणणार. मराठी वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात. दोहोंतलं एक निवडायचं तर माझं मत 'पोर्शे'ला. त्यात निदान दुसरा अवयव शाबूत राहतो. 'पॉर्शं' हे सर्वांत जवळचं, पण बातमीत ते खेडवळ वाटेल म्हणून कुणी छापणार नाही.

पहिल्या अवयवात दोन बारकावे. स्वर ऱ्हस्व 'ऑ' आहे, 'पोळी'तला 'ओ' नाही. आणि जर्मन 'प'मध्ये किंचित श्वास मिसळलेला असतो. 'फ' होईल इतका नाही, पण आपला कोरा प जर्मन कानाला कधीकधी 'ब' वाटतो. फोनवर 'पासाट' किंवा 'पोलो' सांगताना समोरचा अडखळला तर बहुधा हेच झालेलं असतं. तळहात ओठांसमोर धरून बघा, प म्हणताना हाताला हलकी फुंकर लागली पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीच्या ट आणि क यांचंही तसंच.

र ची काळजी करू नका. रेडिओवरची जर्मन ऐकली तर स्वरानंतरचा र विरघळतो, 'पॉअशं' असं काहीसं ऐकू येतं, आणि इतरत्र तो घशात घुटमळतो. पण बव्हेरिया आणि फ्रांकोनियात आजही जिभेच्या टोकाचा, आपल्यासारखा र बोलतात. मुद्दाम घशातून र काढणारा माणूस मात्र लगेच उघडा पडतो.

टोकाचा हाच 'अ' आणखी कुठे लागतो ते एकदाच सांगून टाकतो. एस-क्लास म्हणजे 'एस-क्लासं'. बे-एम-वेचं पूर्ण नाव 'बायरिशं मोटोरन वेर्कं'. न्युर्बुर्करिंग या मोटारशर्यतीच्या ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरच्या उत्तरेकडच्या वळणावळणाच्या मार्गाचं नाव 'नॉर्टश्लायफं'. शब्द 'ईएन'नं संपला तर स्वर जवळजवळ नाहीसा होतो, वागन हे 'वाग्न' होतं. 'ईआर'नं संपला तर र गळून अ आणि आ यांच्या मधला आवाज उरतो. मराठीत 'डायमलर' म्हटलं तरी चालतं, फक्त 'डेमलर' नको.

फॉल्क्सवागन

आपलं 'फोक्सवॅगन' हे मोठं गमतीशीर मिश्रण आहे. पहिला फ जर्मन. पुढचं 'फोक' इंग्रजी, कारण इंग्रजीतल्या त्याच अर्थाच्या शब्दात 'एल' मुका आहे. 'वॅगन' पुन्हा इंग्रजी, आणि व मात्र जर्मन.

नियम दोन. अस्सल जर्मन शब्दातलं 'व्ही' हे अक्षर फ असतं, आणि 'डब्ल्यू' हे व असतं. हा फ 'फोन'मधला, वरचे दात खालच्या ओठाला लावून काढलेला. ओठ मिटून म्हटलेला जुन्या 'फळ'मधला फ इथे चालत नाही. व म्हणतानाही दात ओठाला लागू द्या, ओठांचा चंबू करू नका. ल ऐकू आलाच पाहिजे: फॉल्क्स. मग दीर्घ आ: वाऽ. मग ग्न. जोर पहिल्या अवयवावर.

यातूनच एक चांगली कसोटी मिळते. जर्मन नावांत 'ॲ' हा आवाज नाही. रोमन 'ए' अक्षर तिथे आ असतं, ऱ्हस्व किंवा दीर्घ. म्हणून वागन, पासाट (जोर शेवटी), ट्राबान्ट (पूर्व जर्मनीतली जुनी गाडी), वांकल (एका प्रकारच्या इंजिनाचं नाव). तोंडातून ॲ निघाला की समजावं, इंग्रजी मध्ये आली. त्या अक्षरावर दोन टिंबं असतील तर तो ए होतो. जुन्या बीटलला जर्मन लोक 'केफर' म्हणतात.

गाडी ज्या गावात बनते त्याचं नाव वोल्फ्सबुर्क. लिहिताना शेवटी 'जी' आहे, पण जर्मनमध्ये शब्दाच्या टोकाला घोष, म्हणजे कंठ वाजवून म्हटलेलं, व्यंजन टिकत नाही. ग चा क होतो, ड चा ट, ब चा प. हा नियम फार कामाचा आहे. ब्रेमेनची जुनी कंपनी बोर्कवार्ट (लिहिताना 'बोर्गवार्ड'), पूर्व जर्मनीतली वार्टबुर्क, आणि न्युर्बुर्करिंग, सगळीकडे हेच घडतं. जोडशब्दात आतल्या शब्दाच्या टोकालाही तो लागू होतो, म्हणूनच नॉर्टश्लायफंमध्ये ड नाही, ट आहे.

आऊडी

'एयू' ही जोडी जर्मनमध्ये नेहमी 'आउ'. क्रिकेटमधलं 'आऊट' आठवा, त्यातला आऊ एका दमात म्हणा आणि पुढे डी जोडा. 'ऑडी' हे इंग्रजी वाचन. आउगुस्ट होर्खनं (हा ख तात्पुरता, खाली दुरुस्त करतो) १९०९ मध्ये स्वतःचीच कंपनी सोडली. नव्या कारखान्याला स्वतःचं आडनाव देण्याचा हक्क कोर्टात गेला, म्हणून त्यानं त्याचं लॅटिन भाषांतर घेतलं. 'होर्ख' म्हणजे ऐक, 'आऊडी' म्हणजेही ऐक. लॅटिन असो वा जर्मन, उच्चार आउच.

हे सगळं त्स्विकाउ या सॅक्सनीतल्या गावात घडलं. तिथेही त्स नंतर व आणि इ येत असल्यामुळे आपली जीभ तालव्य 'च'कडे पळते. पुन्हा तोच उपाय: त्, मग स्विकाउ. १९३२ मध्ये आऊडी, डे-का-वे (डीकेडब्ल्यू), होर्ख आणि वान्डरर या चौघांची आउटो उनिओन झाली. बोधचिन्हातली चार वर्तुळं त्यांचीच.

स्वरांच्या आणखी तीन जोड्या लक्षात ठेवाव्यात. 'ईआय' आणि 'एआय' (मायबाखमध्ये ती 'एवाय' अशी लिहितात) दोन्ही 'आय': डायमलर, मायबाख, मानहाइम. मायबाखमधला 'माय' हा अगदी आपला 'माय' आहे, 'मे' नाही. 'आयई' म्हणजे दीर्घ ई: डीझल, फ्रीडरिश. लोक या दोन जोड्यांची उलटापालट करतात. जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव जे, तोच साधारण आवाज, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. तिसरी 'ईयू', तिचा आवाज 'ऑय'. नऊला 'नॉयन' म्हणतात, म्हणून पॉर्शंची नऊशे अकरा जर्मनीत 'नॉयन-एल्फ' होते, नऊ-अकरा.

सुटी अक्षरं

ज्यांना जर्मन सहकाऱ्याला फोनवर मॉडेल किंवा भागाचा क्रमांक सांगावा लागतो, त्यांच्यासाठी हा भाग नावांपेक्षाही महत्त्वाचा. समोरचा इंग्रजीत बोलत असला तरी घाईत त्याच्या डोक्यात जर्मन अक्षरं चालू असतात.

मोठा गोंधळ तीन स्वरांचा. रोमन 'ए' ला जर्मन 'आ' म्हणतात, 'ई' ला 'ए' म्हणतात, आणि 'आय' ला 'ई' म्हणतात. म्हणजे तुम्ही 'ई-क्लास' म्हणालात आणि त्यानं जर्मन कानानं ऐकलं, तर त्याच्या कागदावर 'आय' उतरेल. त्याचं 'ए-क्लासं' तुम्ही इंग्रजी कानानं ऐकलंत, तर तुमच्या कागदावर छोटी गाडी येईल, त्याला हवी होती मोठी. सुट्या भागांच्या यादीत अशी एक चूक चुकीची पेटी मागवायला पुरते. अशा वेळी अक्षराऐवजी शब्द सांगा: 'आन्टोनमधला', 'एमिलमधला', 'इडामधला'. जर्मन लोक स्वतः असंच करतात.

बाकीची अक्षरं: 'जी' म्हणजे गे, 'जे' म्हणजे योट, 'व्ही' म्हणजे फाउ, 'डब्ल्यू' म्हणजे वे, 'झेड' म्हणजे त्सेट, 'वाय' म्हणजे युप्सिलोन, 'क्यू' म्हणजे कू. त्यावरून फॉल्क्सवागनचं लाडकं रूप 'फाउ-वे', गोल्फची 'गे-टे-ई', मेर्त्सेडसची 'आ-एम-गे' आणि 'गे-क्लासं', बे-एम-वेची 'त्सेट फीअ', म्हणजे झेड-फोर. आद्याक्षरांच्या नावात जोर नेहमी शेवटच्या अक्षरावर: बे-एम-वेऽ, फाउ-वेऽ. इंग्रजीतल्या 'डब्ल्यू'च्या लांबलचक उच्चारापुढे 'वे' इतका सुटसुटीत आहे की जर्मन लोक ही नावं आखडून का घेतात हे लगेच कळतं. श्टुटगार्टच्या आसपास तर मेर्त्सेडसमध्ये नोकरी करणारा 'डायमलरकडे' आहे असंच सांगतात. कंपनीनं २०२२ मध्ये अधिकृत नावातून डायमलर काढलं तरी.

दोन ख आणि ओठांचे खेळ

आता होर्खची दुरुस्ती. 'सीएच' या जोडीचे जर्मनमध्ये दोन मुख्य आवाज आहेत. आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर तो घशाजवळ घासत येणारा ख: मायबाख, आफाल्टरबाख (आ-एम-गेचं गाव). आपला ख जीभ टेकवून सोडतात, हा न टेकवता घासायचा, उर्दू 'ख़बर'सारखा. 'मायबॅक' हे इंग्रजी. इ, ए यांच्यानंतर आणि व्यंजनानंतर आवाज वेगळा होतो, आणि त्याला मराठीतला जवळचा शेजारी म्हणजे 'ह्या', 'बाह्य' यांतला ह्य, फक्त नुसत्या श्वासाचा, कंठ न वाजवता. म्हणून 'होर्ह्य' आणि म्युनिकचं मूळ नाव 'म्युन्ह्यन'. 'होर्श', 'म्युन्शन' म्हटलंत तरी कुणी हसणार नाही, ऱ्हाइनकाठचे बरेच जर्मन तसंच बोलतात. 'होर्क' मात्र नको.

'सीएच'पुढे 'एस' असेल तर तिसराच प्रकार: साधा क्स. शॉक ॲब्सॉर्बर आणि क्लच बनवणारी 'झाक्स', वंगण बनवणारी 'फुक्स'. फुक्सचा कारखाना अंबरनाथला आहे. हे नाव इंग्रजी पद्धतीनं वाचायला गेलं की मीटिंगमध्ये पंचाईत होते, तेव्हा उ ऱ्हस्व आणि शेवटी स्पष्ट क्स.

'यू'वर दोन टिंबं असतील तर ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. देवनागरीत आपण 'यु' लिहितो, पण त्यात य नाही. 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ पुढे काढा, आवाज सापडेल. न्युर्बुर्करिंग, क्युबलवागन (फॉल्क्सवागनची जुनी लष्करी गाडी), उंटरट्युर्कहाइम (मेर्त्सेडसचं श्टुटगार्टमधलं ठिकाण), सगळ्यांत हाच.

'एसटी' आणि 'एसपी' शब्दाच्या सुरुवातीला आले की श्ट आणि श्प होतात: श्टुटगार्ट. इंगोलश्टाटमध्येही, कारण ते दोन शब्दांचं जोडकाम आहे. शब्दाच्या मध्ये आले तर स तसाच राहतो, म्हणून ओपलची आस्ट्रा ही आस्ट्राच. आणि स्वरापूर्वी एकटा 'एस' असेल तर तो घोष होतो, 'माझा', 'झाड' यांतल्या झ च्या जवळचा: झिंडलफिंगन (मेर्त्सेडसचा कारखाना), त्सुफनहाउझन (पॉर्शंचा). आपण डिझेल म्हणतो तेव्हा रुडोल्फ डीझलचं आडनाव बऱ्यापैकी बरोबर घेतो, फक्त पहिली इ दीर्घ हवी.

कारखान्यात रोज लागणारी नावं

चाकण, पिंपरी, नाशिककडच्या कारखान्यांत गाड्यांपेक्षा सुट्या भागांच्या कंपन्यांची नावं जास्त घ्यावी लागतात. बॉश आपण बरोबरच म्हणतो. 'माहले' नाही, 'माऽलं': स्वरानंतरचा 'एच' मुका, तो फक्त स्वर लांबवतो. त्याच नियमानं 'बेऽर', बेहर नाही. ब्रोस नाही, 'ब्रोझं'. क्नॉर-ब्रेम्झंमधला पहिला क इंग्रजीसारखा गिळू नका, जर्मनमध्ये तो स्वच्छ वाजतो. शेफ्लरमध्ये 'एई' म्हणजे ए, 'शा' नाही. फ्रॉयडनबेर्कमध्ये ऑय आणि टोकाचा क, दोन्ही नियम एकदम. टिसेन-क्रुपच्या पहिल्या स्वरात ते ओठ गोल केलेलं 'ई' आहे. 'झेड-एफ' सगळीकडे समजतं, पण मुख्यालयात ते 'त्सेट-एफ' आहे.

अति शहाणपण

नियम नुकते शिकलेला माणूस ते सगळीकडे लावत सुटतो. 'व्ही'चा फ फक्त जुन्या जर्मन शब्दांत. व्हिर्टुस लॅटिन, व्हेन्टो इटालियन, दोन्हींत व. व्हॉल्वो स्वीडिश, तिथे फ चा संबंध नाही. टिगुआन हे जर्मनमधल्या वाघ आणि घोरपडीसारख्या इग्वाना या दोन शब्दांचं मिश्रण, म्हणून 'टि', 'टाय' नाही. पण टायकान मात्र 'टाय'च. मॉडेलची नावं जाहिरातवाले दहा भाषांतून उचलतात, तिथे नियमापेक्षा कंपनीची जर्मन जाहिरात ऐकावी.

श्कोडा तर जर्मनच नाही, चेक आहे. १९९१ पासून फॉल्क्सवागन समूहात आहे इतकंच. 'एस'वरच्या उलट्या टोपीमुळे तिथे श येतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातल्या कारखान्यात आणि बाहेरही सगळे 'स्कोडा' म्हणतात.

कुठे काय म्हणावं

मराठी बोलताना मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, बेंझ म्हणण्यात काहीच चूक नाही. शब्द भाषेत आला की तो तिथला होतो. मित्राला 'मेर्त्सेडस घेतली' म्हणालात तर तो गाडीपेक्षा तुमच्या तोंडाकडे बघेल. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी स्वतःही इथे जर्मन रूपाचा आग्रह धरत नाही. तीन ठिकाणी मात्र मी बदल सुचवेन, कारण त्याला कष्ट पडत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही खटकत नाही: पॉर्शं दोन अवयवांत, आऊडीमधला आऊ, आणि फॉल्क्समधला ल.

जर्मन कंपनीत मुलाखत असेल, प्रशिक्षणाला जायचं असेल किंवा तिकडचे इंजिनिअर येणार असतील, तर पूर्ण रूपं तयार ठेवा. सरावाला क्रम असा ठेवावा: आधी 'उंच'वरून बेन्त्स, मग 'पोरगं'वरून पॉर्शं, मग 'आऊट'वरून आऊडी, मग फॉल्क्सवागन, आणि मेर्त्सेडस शेवटी, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र आहेत. स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करून त्याच कंपनीच्या जर्मन जाहिरातीशेजारी लावून ऐका. इंग्रजी चॅनेलवरचे 'खरा उच्चार' सांगणारे व्हिडिओ बहुतेकदा 'पोर्शा'पाशी थांबतात.

आणि एक जर्मन ब्रँड मात्र महाराष्ट्रात पहिल्यापासून जसाच्या तसा बोलला जातो. हाम्बुर्कची व्हिडाल उंट झोन ही कंपनी आपल्या हलक्या मालवाहू गाड्या 'टेम्पो' या नावानं विकायची. १९५८ मध्ये तिच्याशी करार करून बजाज टेम्पोची तीनचाकी आली, आणि कुठल्याही कंपनीची माल वाहणारी लहान गाडी टेम्पो झाली. ए ऱ्हस्व, म् आणि शेवटचा ओ स्पष्ट, जोर पहिल्या अवयवावर: हाम्बुर्कमध्येही असंच म्हणतात.